तोंड मिटायची विद्या

१४ जुलै

ताई,

तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच लिहायला बसले आहे. म्हणजे मला वाट बघणं नको आणि तुला भार नको. शिवाय करारांच्या तासाला आम्हाला एक गंमत शिकवली. होकार पत्रानं कळवायचा असं ठरलं असेल, तर पत्र पेटीत पडलं की होकार झाला. समोरच्याला ते मिळो, न मिळो, वाटेत भिजून लगदा होवो. मला हा नियम फार आवडला. मी पेटीत टाकणार, माझं काम झालं. तू वाच, नाहीतर होडी कर.

फोन नको असं तूच म्हणाली होतीस. खरंय. आप्पांचं नाव निघालं की तू गप्प होतेस, आणि ते नाव काढल्याशिवाय मला दोन वाक्यं बोलता येत नाहीत.

तर बातमी अशी, की मी व्यापारी कायदा घेतला. कंपन्या, करार, खरेदी-विक्री, भागीदाऱ्या. आईला हे समजावताना घाम फुटला.

"म्हणजे कोर्टात उभी राहणार नाहीस?"

"बहुतेक नाही."

"खून-बिन काही नाही?"

"नाही गं."

"मग एवढी जाड पुस्तकं कशाला?"

आप्पा मात्र माझ्या बाजूनं उभे राहिले. "अगं, भांडण झाल्यावर लागतो तो वकील वेगळा," ते म्हणाले. "ही भांडण होऊच नये म्हणून लागणारी वकील." हे वाक्य त्यांना स्वतःलाच एवढं आवडलं, की दुसऱ्या दिवशी खोक्यांच्या कारखान्यात सगळ्यांना ऐकवलं. आपली सगळी खोकी घेणाऱ्या बूट कंपनीच्या मॅनेजरलाही. "पुढचा करार माझी धाकटी वाचणार बरं का, सांभाळून लिहा!" तू गेल्यापासून त्यांना कुणाविषयी एवढं तोंड भरून बोलताना मी ऐकलं नव्हतं. तुला लागावं म्हणून हे लिहीत नाही.

तुझं टेबल तिथंच आहे. त्यावर आता खळ वाळलेली खोकी रचून ठेवतात. तू तेव्हा चार नवी गिऱ्हाइकं आणली होतीस आणि बूट कंपनीला वाईट वाटेल म्हणून आप्पांनी ती परत पाठवली होती, हे मला तेव्हा अर्धवटच कळलं होतं. मला फक्त मशिनं थांबलेली आठवतात आणि तुझा आवाज. "आप्पा, हा तुमचा कारखाना नाही. त्यांच्या बुटाचं एक खोकं आहे हे." त्यावर ते "जा" म्हणाले आणि तू गेलीस. मला वाटतं, दुसरा थांबवेल असं दोघांनाही वाटलं होतं.

जाऊ दे. कॉलेजचं सांगते. आम्हाला करार शिकवणाऱ्या सरांना सगळे 'स्वल्पविराम' म्हणतात, कारण एका स्वल्पविरामावर ते तास काढू शकतात. परवा त्यांनी वर्गाच्या दोन फळ्या केल्या आणि खोटी खोटी वाटाघाट लावली. मी बिस्किटांचा कारखाना विकणाऱ्या बाईंची वकील. पलीकडच्या मुलानं नुसतं सहानुभूतीनं विचारलं, "तुमच्या अशील बाई फार थकल्यात का हो?" आणि मी म्हटलं, "हो ना, त्यांना कधी एकदा सुटते असं झालंय." संपलं. दहा मिनिटांत त्यांनी माझा कारखाना मातीमोल भावात घेतला. सर म्हणाले, "वकिलाला तोंड दिलंय ते मिटायला. बोलायला तर काय, सगळेच बोलतात."

सगळे हसले. मीही हसले. पण बसमध्ये मला त्या नसलेल्या बाईंचं फार वाईट वाटत राहिलं.

तुझी धाकटी


२९ सप्टेंबर

ताई,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असं समजते.

मला एका मोठ्या वकिली कचेरीत उमेदवारी मिळाली. आठवड्यातले तीन दिवस तिथं, उरलेले कॉलेजात. वरचा मजला, काचेच्या खोल्या, पायाखाली असा गालिचा की स्वतःची चाहूल स्वतःला लागत नाही. सगळे हळू बोलतात. पहिल्या दिवशी मला वाटलं कुणी गेलं-बिलं की काय.

मी ज्यांच्या हाताखाली आहे त्यांना सगळे 'मोठ्या मॅडम' म्हणतात, आणि त्या उंचीनं माझ्या खांद्याला लागतात. खोलीत आल्या की चपला काढून टेबलाखाली सरकवतात आणि दिवसभर अनवाणी फिरतात. अशील आला की पायानंच चपला शोधतात, चेहऱ्यावर काही न दाखवता. माझा पहिला मसुदा त्यांनी वाचला आणि विचारलं, "हे वाक्य तू कुणासाठी लिहिलंस?" मी म्हटलं, "अशिलासाठी." "नाही. तू हे स्वतःसाठी लिहिलंस, मला हुशार म्हणावं म्हणून. अशिलाला समजेल असं लिही." मी पुन्हा लिहिलं. निम्मं झालं आणि दुप्पट बरं झालं.

ताई, मला हे काम आवडतं. हे कुणाला सांगायची लाज वाटते, कारण ऐकणाऱ्याला वाटतं मी पैशाच्या मागे आहे. पण शंभर पानांच्या भाडेकरारात कुठंतरी एक वाक्य दबा धरून बसलेलं असतं. ते सापडलं की आप्पा मशीनवर कापणीची नवीन डाय बसवून पहिला पुठ्ठा कापतात आणि चारही घड्या बरोबर बसतात, तेव्हा त्यांना काय वाटत असेल ते मला कळतं.

रुजू होताना गोपनीयतेच्या कागदावर सही घेतली. इथं जे ऐकाल ते इथंच. मोठ्या सौद्यांना तर टोपणनावं असतात. आमच्यासमोर आता जो सौदा आहे त्याला 'मोरपीस' म्हणतात. आमचा अशील एक मोठी कंपनी आहे आणि ती दुसरी कुठलीतरी कंपनी विकत घेणार आहे. कुठली, ते मला अजून माहीत नाही. मी नुसत्या इमारतींचे करार तपासते, नावं झाकलेली असतात.

आप्पांनी विचारलं, "काय काम करतेस गं तिथं?"

"सांगता येत नाही, आप्पा."

त्यांना राग येईल वाटलं. कसला राग! "वा!" म्हणाले. शेजारच्यांना जिन्यात गाठून सांगत होते, "आमच्या धाकटीचं काम फार महत्त्वाचं आहे. तिला सांगताच येत नाही." आई म्हणाली, "माझं पण तसंच आहे. दिवसभर काय करते ते तीस वर्षांत मलाही सांगता आलेलं नाही."

धाकटी


११ नोव्हेंबर

ताई,

'मोरपीस'च्या कामातून मी बाहेर पडले. एका बैठकीत टिपणं घ्यायला बसवलं होतं. तिथं जे बोलणं झालं ते ऐकून, मला या कामावर राहता येणार नाही, असं मी मोठ्या मॅडमना जाऊन सांगितलं. का, ते त्यांना सांगितलं. तुला सांगता येत नाही. त्यांनी मला त्याच दुपारी दुसऱ्या कामावर टाकलं. एवढंच.

घरची बातमी निराळी. आप्पा कारखान्याची शेड विकताहेत. गावाबाहेर मोठी जागा बघितलीय, आणि छापून-कापून एकदम खोकं बाहेर टाकणारं नवीन मशीन. बूट कंपनीच्या मॅनेजरनं सांगितलं म्हणे, की पुढच्या वर्षापासून खोकी दुप्पट लागतील. शेडला गिऱ्हाईक ठरलंय. सोमवारी सह्या.

आपली शेड, ताई. तुझ्या उंचीच्या खुणा दाराच्या चौकटीवर आहेत ती.

मी त्यांना म्हटलं, "सही करण्याआधी कुणा वकिलाला कागद दाखवा."

"घरात वकील असताना बाहेर कशाला?"

"मी अजून वकील नाही. आणि हे मी बघू शकत नाही. दुसऱ्या कुणाला दाखवा."

वकिलाला दाखवा, हे मी त्यांना मागच्या वर्षीही म्हटलं होतं आणि त्याच्या आधीही. तेव्हा ते हसले होते. यावेळी हसले नाहीत. हातातली पट्टी पुठ्ठ्यावर आडवी ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"तुला काही माहीत आहे का?"

मी काही बोलले नाही.

मग त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "वेडीच आहेस," ते म्हणाले. "काही असतं तर तू सांगितलं असतंस. पोटची पोर आहेस. तू गप्प आहेस, म्हणजे काही नाही. झालं तर!" आणि त्यांनी पट्टी उचलून रेघ मारली.

ताई, गप्प बसणं म्हणजे काही न बोलणं, असं मला आजवर वाटत होतं.

धाकटी


६ जानेवारी

ताई,

आता वर्तमानपत्रात आलंय, म्हणजे तुला सगळं लिहायला मोकळी आहे. तू तिकडे वाचलंही असशील. बूट कंपनी विकली गेली.

'मोरपीस' म्हणजे तीच. त्या बैठकीत नकाशावरचं नाव झाकणारा कागद काढला आणि मला बूट कंपनीचं नाव दिसलं. मी टिपणं घेत राहिले. मग घेणाऱ्या कंपनीचा एक अधिकारी चहा ढवळत म्हणाला, "खोकी आपल्याच कारखान्यात होतील. बाहेरचे छोटे खोकेवाले उन्हाळ्याआधी बंद करायचे." दुसऱ्यानं विचारलं, "त्यांना कळवायचं कधी?" तो म्हणाला, "कळेलच की."

त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता गं. दिवा बंद करायचा राहिलाय असं सांगावं तसा म्हणाला.

बैठक संपल्याबरोबर मी मॅडमच्या खोलीत गेले. "त्या छोट्या खोकेवाल्यांपैकी एक माझे वडील आहेत."

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "त्यांना सांगितलंस?"

"नाही. आत्ता कळलं मला."

"बरं केलंस आधी इथं आलीस. आता तू या कामावर नाहीस. पण ऐकलेलं परत देता येत नाही. ते तुझ्याकडेच राहणार, कुलपात."

"ते शेड विकायला निघालेत, मॅडम."

त्यांनी पुढ्यातली फाईल मिटली. मग म्हणाल्या, "मी अशिलाला विचारून बघते, तुला मोकळं करता येतं का." त्यांनी खरंच विचारलं. तसं विचारणं त्यांना सोपं गेलं नसणार. दोन दिवसांनी मान हलवून नाही म्हणाल्या. "वडिलांना वकील गाठायला सांग. कायदा शिकणारी कुठलीही मुलगी बापाला एवढं सांगेलच. त्यापुढे एक शब्द नाही."

एवढं मी सांगितलं. त्याचं काय झालं ते तुला मागे लिहिलंच आहे.

सह्यांच्या आदल्या शनिवारी मी कारखान्यात गेले. दुपारची सुट्टी होती, कामगार बाहेर जेवत होते. आप्पा एकटेच आत शेडची मापं घेत होते, नव्या मालकाला द्यायला. मला बघून म्हणाले, "बरं झालं आलीस, टेपची डबी धर." मी डबी धरली. ते टोक घेऊन चालत चालत लांब गेले आणि पलीकडच्या भिंतीशी वाकले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. समोरून त्यांना बघितलं असतं तर मला बोलता आलं नसतं.

"आप्पा, शेड विकू नका."

"का?"

"बूट कंपनी विकली जातेय. नवे मालक खोकी स्वतःच करणार आहेत. तुमचं काम बंद होणार."

टेप सुटली आणि सपकन माझ्या हातावर येऊन बसली. आप्पा सरळ झाले. मला वाटलं ते विचारतील, कधी, किती दिवस, मॅनेजर खोटं बोलला का. त्यांनी विचारलं, "हे तुला तिथं कळलं?"

"हो."

"सांगायची परवानगी होती?"

"नाही."

ते माझ्याजवळ आले. "आणखी कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग बोलू नकोस. तू मला काही सांगितलेलं नाहीस. मी काही ऐकलेलं नाही. जा घरी, हाताला काहीतरी लाव."

तीस वर्षांचं काम हातचं चाललं होतं, ताई, आणि ते माझ्या हातावरचा वळ बघत होते.

सोमवारी मी मॅडमकडे गेले. रविवारभर मी स्वतःला सांगत होते की काही गरज नाही, कुणाला कळणार आहे? आणि खरंच कुणाला कळलं नसतं. पण मी एक कुलूप तोडलं होतं. आता त्याच कचेरीत बसून रोज दुसऱ्यांची कुलपं सांभाळायची, हे जमेना. मी त्यांना सांगितलं, "मी वडिलांना बोलले."

त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं, तू सांगणार नाहीस."

"राहवलं नाही."

"वडिलांना नाही गं. ते तू सांगशील असं मला वाटलंच होतं. मला येऊन सांगणार नाहीस असं वाटलं होतं." मग चपला पायात घातल्या. माझ्यासमोर त्यांनी पहिल्यांदाच चपला घातल्या. "आता मला हे अशिलाला कळवावं लागेल. आणि विद्यापीठाला."

"माहीत आहे."

"माहीत असून आलीस," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला सामान आवरायला सांगितलं. सामान काय, एक पेन आणि पाण्याची बाटली.

आणि त्याच सोमवारी तिकडे आप्पा काय करत होते, ते मला नंतर कारागिरांकडून कळलं. शेडचं गिऱ्हाईक आलं, मशीनवाला आला, बूट कंपनीचा मॅनेजर मजा बघायला आला. आप्पा सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माफ करा. माझी हिंमत होत नाही. एवढी मोठी उडी या वयात मला झेपायची नाही. घाबरलो मी."

आप्पा, ताई! गुडघा सुजला तरी लंगडत नाहीत ते आप्पा. मॅनेजर हसला म्हणे, "काय हो, वाघ वाघ म्हणत होतो तुम्हाला." मशीनवाला चिडून काहीबाही बोलून गेला. जुन्या कारागिरांनी माना खाली घातल्या. आप्पांनी कुणालाही उलट उत्तर दिलं नाही. तिथं कारण सांगितलं असतं तर माझं नाव निघालं असतं ना.

विद्यापीठाचा कागद घरी आला तेव्हा त्यांना समजलं. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, परत घातला.

"म्हणजे मी इथं चारचौघांत भित्रा ठरलो, आणि तू तिकडं जाऊन सगळं सांगून आलीस?"

"हो."

"आधी मला विचारायचंस तरी!"

"तुम्ही मला विचारलंत?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "एकाला झाकावं तर दुसरं उघडं. एकमेकांशी बोलायची फी पडते का या घरात?"

धाकटी


२ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं. "शेड आहे ना? आणि तू?" एवढंच. मी ते किती वेळा वाचलं हे सांगणार नाही. पाकीट आईनं ठेवून घेतलंय. आत काही नाही तरी.

शेड आहे. माझं सांगते.

काल चौकशी झाली. विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत एक लांबोडकी खोली आहे, तिथं. टेबलापलीकडे तिघं. मधे अध्यक्षबाई, एका बाजूला बाहेरून आलेले एक म्हातारे वकील, दुसऱ्या बाजूला आमचे स्वल्पविराम सर. त्यांना बघून मला जास्तच लाज वाटली. मॅडमही आल्या होत्या. त्यांनी झालं तसं सांगितलं, ना तिखट ना मीठ.

आप्पांना साक्षीला बोलावलं होतं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि बोटांना लागलेली खळ निघावी म्हणून सकाळी हात एवढे घासले होते की लाल झाले होते. अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुमच्या मुलीनं तुम्हाला काय सांगितलं?"

"काही नाही."

अध्यक्षबाईंनी कागदावरून मान वर केली.

"काहीच नाही?"

"शेड विकू नका म्हणाली. ते ती आधीपासूनच म्हणते, तिचा जीव आहे शेडवर. बाकी मीच घाबरलो, बाई. वय झालं. कारखान्यात कुणालाही विचारा, मी सगळ्यांसमोर बोललोय तसं."

"पण तुमची मुलगी स्वतःच म्हणते की तिनं सांगितलं."

"ती हळवी आहे. मनात आलं तेही तिला बोलल्यासारखं वाटतं. लहानपणापासून तशीच आहे."

ताई, ते एवढं चांगलं खोटं बोलले! ज्या माणसाला पाहुण्यांसमोर "जेवून आलो" एवढंही धड खोटं बोलता येत नाही. म्हातारे वकील टेबलावर पुढे झुकले आणि मला म्हणाले, "मुली, तू ताणाखाली होतीस. कदाचित तुझा समज झाला असेल. नीट आठवून सांग." त्यांनी दार अर्धं उघडून धरलं होतं, हे मला कळत होतं. मॅडम खाली बघत होत्या. सर माझ्याकडे बघत होते. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं तोंड मिटायचं होतं. हीच विद्या तर शिकत होते ना मी?

मी म्हटलं, "माझे वडील खोटं बोलताहेत."

आप्पांनी डोळे मिटून घेतले.

"मी त्यांना सगळं सांगितलं. कंपनीचं नाव, काय होणार ते. मापं घेत होते तेव्हा. त्यांनी टेप सोडली." मग मला रडू आलं, म्हणून पुढचं कुणाला नीट ऐकू गेलं नसेल.

त्यांनी विचारलं, असा प्रसंग परत आला तर काय करशील? मी म्हटलं, मला माहीत नाही. हे उत्तर चांगलं नव्हतं. पण दुसरं कुठलंही खोटं झालं असतं.

एक वर्ष मला बाहेर काढलंय. नोंद कायम राहणार. पुढे सनद मागायला गेले की तिथंही हे सांगावं लागेल. म्हातारे वकील म्हणाले, "शिक्षा कमी केलीय." मी दारातून बाहेर पडताना सर उठून उभे राहिले. का, ते त्यांनाच माहीत.

जिन्यात आप्पा माझ्यापुढे चालत होते. रागावले होते, पाठीवरून दिसत होतं. मधल्या वळणावर थांबले.

"चारचौघांत मला खोटं पाडायची खोड तुमच्या दोघींना कुणी लावली?" म्हणाले.

मी एक पायरी खाली उतरले.

"मी तिथं खोटं बोललो ते तुझ्यासाठी. तू खरं बोललीस ते कुणासाठी?"

याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर पाठव.

धाकटी


१९ जुलै, मधलं एक वर्ष सोडून

ताई,

परत कॉलेज सुरू झालं. मी सगळ्यांहून वयानं मोठी, मागच्या बाकावर.

वर्षभर मी कारखान्यात काम केलं हे तुला माहीतच आहे. अर्धे कामगार गेले. काहींना आप्पांनी स्वतः दुसरीकडे चिकटवून दिलं. तू आणलेली चार गिऱ्हाइकं होती ना, त्यांच्याकडे आप्पा एकेक करून जाऊन आले. त्यातलं एकही परत आलं नाही. "कशाला येतील?" म्हणाले, "मीही आलो नसतो." आता साबणवाली एक बाई आहे, चष्मेवाला आहे, लाकडी खेळणी करणारी दोन भावंडं आहेत. प्रत्येकाचं खोकं वेगळ्या मापाचं. आप्पा दिवसभर करवादतात आणि नवीन डाय आली की लहान मुलासारखे पुढे धावतात. बरं चाललंय असं म्हणवत नाही, पण चाललंय. त्यांचे करार मी लिहिते. एक पान, साध्या भाषेत.

रविवारी तू त्यांना फोन केलास म्हणे. गॅलरीत उभे राहून एवढा वेळ काय बोलत होते, म्हणून आईनं विचारलं तर म्हणाले, "हवापाणी." आई म्हणाली, "तिकडं बरंच मोठं हवापाणी आहे वाटतं." मी काही विचारलं नाही. तूही सांगू नकोस.

आजचं सांगते आणि पत्र टाकते.

वकिलीच्या आचारधर्माचा पहिला तास होता. स्वल्पविराम सरच घेतात. त्यांना माहीत नव्हतं की मी याच तासाला बसणार, माझं नाव यादीत उशिरा चढलं. त्यांनी फळ्यावर एक उदाहरण लिहिलं. एक उमेदवार विद्यार्थिनी. अशिलाचं गुपित. बापाचा कारखाना. नावगाव काही नाही. मग वळले, वर्गावर नजर फिरवली, आणि मी दिसले. हातातला खडू तसाच राहिला. पण तोवर पोरं पेटली होती.

"ती वकील व्हायला लायक नाही," पुढच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला. "आज बापाला सांगितलं, उद्या नवऱ्याला सांगेल."

"तुझा बाप रस्त्यावर येत असता तर?" एक मुलगी ताडकन उठली. "तू काय, कलम म्हणून दाखवलं असतंस?"

"मग तिनं कबूल कशाला केलं? एकतर सांगायचं नाही, नाहीतर सांगून गप्प बसायचं. ही दोन्हीकडून बुडाली!"

"म्हणून तर ती बरोबर!"

"म्हणून तर ती मूर्ख!"

मी ऐकत होते. गंमत अशी, की प्रत्येकाचं बोलणं मला पटत होतं. त्या पहिल्या मुलाचंसुद्धा. तेवढ्यात त्यानं मागे वळून मला विचारलं, "तुम्ही मोठ्या दिसता. तुमचं काय मत?" सर म्हणाले, "त्यांना राहू दे," पण सगळा वर्ग वळला होता.

मी उभी राहिले. "मला यात मत देता येणार नाही," मी म्हटलं. "माझा हितसंबंध आहे."

वर्गाला काही कळलं नाही. सरांना कळलं. ते फळ्याकडे वळले. मी खाली बसले. त्या विद्यार्थिनीची बाजू घेऊन भांडणारी ती मुलगी माझ्या पुढच्याच बाकावर होती. तिनं मान मागे करून हळूच विचारलं, "म्हणजे काय हो? ओळखता की काय तिला?"

"होते आहे ओळख," मी म्हटलं.

धाकटी